अमाल्फीचा किनारा: बोटीने आणि पायऱ्यांनी पाहण्याचा मार्ग

नेपल्सच्या दक्षिणेला सोर्रेंतोचे द्वीपकल्प समुद्रात शिरते. त्याची दक्षिणेकडे तोंड करून बसलेली बाजू म्हणजे अमाल्फीचा किनारा. पश्चिमेला पोझितानो आणि पूर्वेला व्हिएत्री या दोन टोकांमध्ये १३ नगरपालिकांची गावे आहेत आणि त्यांच्या पाठीशी लात्तारी डोंगररांग आहे. ही रांग १,४०० मीटरच्या वर जाते आणि तिथून जवळजवळ थेट पाण्यात उतरते. सपाट जमीन फक्त ओढ्यांच्या मुखाशी सापडते, आणि समुद्राकाठची बहुतेक गावे अशाच एखाद्या घळीत कशीबशी मावलेली आहेत. युनेस्कोने १९९७ मध्ये या किनाऱ्याला जागतिक वारसा ठरवले, ते केवळ निसर्गासाठी नव्हे. माणसाने या अवघड उतारावर शतकानुशतके जे रचले, त्यासाठीही.

सहलीची आखणी करण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आज ज्याची छायाचित्रे सर्वत्र दिसतात तो किनाऱ्याचा नागमोडी रस्ता बूर्बाँ राजांच्या काळात, १८३० च्या दशकात हाती घेतला गेला आणि १८५० च्या दशकात पूर्ण झाला. त्याआधीची जवळपास हजार वर्षे या गावांत येण्याचे दोनच मार्ग होते. एक समुद्रातून आणि दुसरा डोंगरावरून पायऱ्यांनी. त्यामुळे गावांची तोंडे समुद्राकडे आहेत, बाजारपेठा धक्क्यापासून सुरू होतात, आणि दोन गावांमधले सरळ अंतर अजूनही पायऱ्यांनीच कापता येते. रस्त्याने येणारा प्रवासी गर्दीत अडकतो आणि गावात जणू बाजूच्या दाराने शिरतो. म्हणून या लेखातील क्रम बोट, पायऱ्या आणि मग नाइलाज असेल तेथे बस, असा ठेवला आहे.

काळ आणि व्हिसा

एप्रिलचा उत्तरार्ध ते जूनची सुरुवात आणि सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य हे दोन काळ उत्तम. मुलांच्या परीक्षा संपल्यावर मे महिन्यात निघणाऱ्या मराठी कुटुंबांना हा किनारा अगदी सोयीचा आहे, कारण तेव्हा हवा उबदार असते, लिंबाच्या बागा भरलेल्या असतात आणि बोटी नियमित सुरू असतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मात्र तारखा तपासून घ्याव्यात. नियमित प्रवासी बोटींचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच असतो; त्यानंतर पुष्कळ हॉटेलेही बंद होतात आणि शरद ऋतूतला पाऊस इथे जोरात कोसळतो. ऑगस्टमध्ये साऱ्या इटलीला सुट्टी असते, तेव्हा पर्याय असल्यास तो महिना टाळावाच.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. पण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणेच कठीण होत असल्याने तीन महिने आधी तयारीला लागणे शहाणपणाचे ठरते. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, त्यावर अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी वैध असावा. एकाच सहलीत दोन-तीन देश करायचे असतील तर जेथे सर्वाधिक रात्री काढायच्या त्या देशाकडे अर्ज करावा लागतो, आणि तुमच्या हॉटेल आरक्षणांतून ते स्पष्ट दिसले पाहिजे.

मुक्काम: पोझितानो नव्हे, पूर्वेकडची बाजू

बहुतेक लोक विचार न करता पोझितानो किंवा सोर्रेंतो निवडतात. माझे मत याच्या उलट आहे. पोझितानो देखणे आहे, पण खोलीचे भाडे डोळे पांढरे करणारे असते आणि बॅगा घेऊन चढायच्या पायऱ्या संपत नाहीत. सोर्रेंतो तर या किनाऱ्यावर नाहीच. ते द्वीपकल्पाच्या पलीकडच्या, नेपल्सच्या बाजूला आहे.

सोयीचे पर्याय दोन. पहिला सालेर्नो: हे चालते-बोलते, कामाधामाचे शहर आहे. रोमहून येथे थेट जलद गाड्या सुमारे दोन तासांत येतात, नेपल्सहून पाऊण तासाच्या आत पोहोचता येते, आणि स्थानकापासून कोंकोर्दिया चौकातल्या बोटीच्या धक्क्यापर्यंत सपाट रस्त्याने काही मिनिटांत चालत जाता येते. खोल्या किनाऱ्यावरच्या गावांपेक्षा बऱ्याच स्वस्त असतात. दुसरा पर्याय मिनोरी किंवा मायोरी. ही दोन्ही गावे किनारपट्टीच्या मानाने सपाट आहेत, त्यामुळे वयस्क आई-वडील बरोबर असतील तर मी दुसरे काही सुचवणार नाही. मायोरीचा किनारा जवळजवळ एक किलोमीटर लांब आहे आणि या भागात तेवढी वाळू दुसरीकडे नाही. एवढी सपाटी मिळण्यामागे एक दुःखद कारणही आहे: २५ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीत डोंगरावरून आलेल्या लोंढ्याने या परिसरात शेकडो बळी घेतले, आणि मायोरीचा खालचा भाग त्यानंतर नव्याने बांधावा लागला. त्यामुळे तेथे जुन्या गल्ल्यांऐवजी साध्या चौकोनी इमारती दिसतात, आणि छायाचित्रांच्या शोधात आलेले लोक तोंड वाकडे करून पुढे जातात.

ये-जा कशी करावी

बोटी सालेर्नोहून निघून व्हिएत्री, चेतारा, मायोरी, मिनोरी, अमाल्फी आणि पोझितानो अशा थांबतात, मात्र प्रत्येक फेरी प्रत्येक धक्क्याला लागते असे नाही. सालेर्नो ते अमाल्फी सुमारे ३५ मिनिटे आणि अमाल्फी ते पोझितानो सुमारे २५ मिनिटे लागतात. मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे द्यावे लागतात. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून सकाळी उठल्यावर आधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची स्थिती पाहावी.

बस सीता नावाच्या कंपनीच्या आहेत. तिकीट आधी काढावे: ‘ताबाक्की’ म्हणजे तंबाखूच्या दुकानांत आणि काही कॉफीच्या दुकानांत मिळते. बसमध्ये चढल्यावर ते यंत्रात घालून छाप उमटवून घ्यावा. छाप नसलेले तिकीट तपासनिसाच्या लेखी नसल्यासारखेच असते. दिवसभरात तीन-चार वेळा बस लागणार असेल तर २४ तासांचा पास घ्यावा. सर्व फाटे अमाल्फीच्या धक्क्याजवळच्या चौकात एकत्र येतात: पश्चिमेला पोझितानो व सोर्रेंतो, पूर्वेला सालेर्नो, आणि वर रावेल्लो व आजेरोला. वाहने उजवीकडून चालत असल्याने सोर्रेंतोहून पूर्वेकडे येणारी बस समुद्राच्या कडेच्या मार्गिकेत असते. तिच्यात उजवीकडची खिडकी मिळाली तर खाली थेट पाणी दिसते. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी सालेर्नोहून पश्चिमेकडे यावे, म्हणजे बस डोंगराच्या बाजूला राहते.

भाड्याची मोटार घेऊ नये, हा सल्ला मी कोणतीही सबब न ऐकता देतो. रस्ता अरुंद आहे आणि दोन बस समोरासमोर आल्या की एकीला मागे जावे लागते. शिवाय उन्हाळ्यात आणि इतर गर्दीच्या दिवसांत बाहेरच्या मोटारींना क्रमांकाच्या शेवटच्या अंकाप्रमाणे सम-विषम तारखांचा नियम लागतो, आणि पार्किंगचे दर ऐकून जेवणाची चव जाते.

पहिला दिवस: सालेर्नो

विमानाचा शीण असतो, तेव्हा पहिला दिवस सालेर्नोत हळूहळू घालवावा. नॉर्मन सरदार रॉबर्ट ग्विस्कार्डने उभारलेले ११ व्या शतकातील कॅथेड्रल आणि त्याच्या तळघरातील संत मॅथ्यूची समाधी पाहावी. मध्ययुगात येथे युरोपातील सर्वांत नावाजलेली वैद्यकशाळा होती, आणि अरबी वैद्यकग्रंथांची लॅटिन भाषांतरे करणारा कॉन्स्टंटाइन आफ्रिकी ११ व्या शतकात याच शहरात आला होता. जुन्या गावाच्या चढावर ‘मिनर्व्हाची बाग’ आहे. १४ व्या शतकात मात्तेओ सिल्वातिको या वैद्याने येथे औषधी वनस्पती लावून विद्यार्थ्यांना शिकवले. पायऱ्यापायऱ्यांच्या या बागेत पाण्याचे पाट खेळवलेले आहेत आणि वरून सालेर्नोचे सारे आखात दिसते. ९ सप्टेंबर १९४३ रोजी दोस्त सैन्य याच आखातात उतरले, त्याच पहाटे अमेरिकी रेंजर मायोरीच्या वाळूवर पोहोचले होते.

दुसरा दिवस: अमाल्फी, समुद्रातून

सकाळच्या पहिल्या बोटीने निघावे आणि जागा वरच्या डेकवर उजव्या बाजूला घ्यावी. बोट पश्चिमेकडे जाते तेव्हा किनारा उजवीकडे राहतो. टेहळणीचे बुरूज मोजत जाता येतात. १६ व्या शतकात स्पॅनिश व्हाइसरॉयच्या अमलाखाली तुर्की आणि बार्बरी, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील चाच्यांच्या भीतीने असे बुरूज एकमेकांच्या दृष्टिपथात बांधले गेले. त्यांच्या वर लिंबाच्या मजग्या, म्हणजे उतारावर पायऱ्यांसारख्या रचलेल्या बागा, आणि मजग्यांच्या वर चेस्टनटचे रान, असे तीन थर बोटीतूनच नीट कळतात.

आज सुमारे पाच हजार वस्तीचे हे गाव एके काळी व्हेनिसच्या तोडीचे होते, यावर धक्क्यावर उतरताना विश्वास बसत नाही. बेनेव्हेंतोच्या लाँबार्ड राजपुत्राने ८३८ मध्ये अमाल्फी घेतले आणि तेथील लोकांना सालेर्नोत नेऊन बसवले. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला, त्याबरोबर अमाल्फीकर परतले आणि स्वतंत्र झाले. शेतीला जमीन नसल्याने त्यांनी जहाजे बांधली. लाकूड, धान्य आणि कापड घेऊन ते उत्तर आफ्रिका आणि इजिप्तला जात, तेथे सोने मिळवत, त्या सोन्यातून कॉन्स्टँटिनोपलचे (आजच्या इस्तंबूलचे) रेशीम आणि चैनीच्या वस्तू विकत घेत आणि त्या इटलीत विकत. त्यांचे ‘तारी’ हे सोन्याचे नाणे अरबी नाण्याच्या धर्तीवर पाडलेले होते. १० व्या शतकातील अरब प्रवासी इब्न हौकल याने या शहराच्या समृद्धीची मुक्तकंठाने स्तुती केलेली आहे. ११ व्या शतकात अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेमला यात्रेकरूंसाठी रुग्णालय काढले. त्यातूनच पुढे हॉस्पिटलर शिलेदारांचा पंथ उभा राहिला, आणि आठ टोकांचा जो क्रॉस आज माल्टाच्या नावाने ओळखला जातो तो अमाल्फी स्वतःचा मानते.

पडझड लवकर सुरू झाली. नॉर्मनांनी ११ व्या शतकाच्या अखेरीस शहरावर ताबा मिळवला, ११३१ मध्ये राजा रॉजर दुसरा याच्यापुढे पूर्ण शरणागती पत्करावी लागली, आणि ११३५ व ११३७ मध्ये पिसाच्या आरमाराने लूट केली. शेवटचा घाव समुद्राने घातला. नोव्हेंबर १३४३ मधील भयंकर वादळात बंदर आणि खालची वस्ती पाण्याखाली गेली. त्याच वादळाने नेपल्सला झोडपले तेव्हा कवी पेट्रार्क तेथे होता आणि त्याने एका पत्रात त्याचे वर्णन केले आहे.

हे सारे पाहण्याचा क्रम असा ठेवावा. सर्वप्रथम धक्क्यालगतच्या जुन्या गोदीत, म्हणजे आर्सेनालमध्ये जावे. टोकदार कमानींची दोन लांब दालने शिल्लक आहेत. येथे युद्धनौका बांधल्या जात, आणि दालने समुद्राकडे अचानक तुटलेली आहेत, कारण उरलेला भाग समुद्राने नेला. येथील संग्रहालयात सागरी कायद्याची, ‘ताबुला अमाल्फिताना’ची माहिती घ्यावी. तिच्यातील ६६ कलमांत जहाजमालक, व्यापारी आणि खलाशी यांच्यातील नफ्याची वाटणी, माल समुद्रात फेकावा लागला तर नुकसान कोणी सोसायचे, असे प्रश्न सोडवलेले आहेत. बाहेरच्या चौकात होकायंत्राचा शोध लावणारा म्हणून फ्लाव्हिओ जोया याचा पुतळा आहे. इतिहासकार या माणसाचे अस्तित्वच मान्य करत नाहीत, पण गाव त्याला सोडायला तयार नाही.

नंतर कॅथेड्रलचा उंच जिना चढावा. दर्शनी भिंत फसवी आहे. जुनी १८६१ मध्ये कोसळल्यावर १८९१ मध्ये ही रंगीत भिंत पूर्ण झाली. पण कांस्याचे दरवाजे अस्सल आहेत. ते १०६० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतवून जहाजाने येथे आणले गेले आणि इटलीतील इतर शहरांनी त्यांचे अनुकरण केले. डावीकडचा ‘स्वर्गाचा मठ’ चुकवू नये. १२६६ ते १२६८ या काळात बांधलेली ही श्रीमंत कुळांची दफनभूमी आहे. बारीक जोडखांबांवर एकमेकींत गुंतलेल्या पांढऱ्या कमानी पाहिल्या की इजिप्त आणि सिसिलीशी असलेल्या व्यापाराचा पुरावा निराळा शोधावा लागत नाही. तळघरात संत अँड्र्यूचे अवशेष आहेत. चौथ्या धर्मयुद्धानंतर १२०८ मध्ये कार्डिनल पिएत्रो कापुआनो यांनी ते कॉन्स्टँटिनोपलहून आणले. १५४४ मध्ये ऑटोमन आरमारप्रमुख बार्बारोसा याचे आरमार वादळाने उधळले, त्याचे श्रेय गाव या संताला देते, आणि दरवर्षी २७ जूनला त्याची जड मूर्ती खांद्यावर घेऊन भक्त हा जिना धावत चढतात.

दुपारी मुख्य रस्त्याने वर चालू लागावे. हा रस्ता म्हणजे झाकलेला कान्नेतो ओढा आहे, आणि त्याच ओढ्याच्या पाण्यावर वरच्या ‘गिरण्यांच्या दरी’त कागद तयार होत असे. कागद बनवण्याची विद्या अमाल्फीकरांनी अरबांकडून उचलली. सम्राट फ्रेडरिक दुसरा याने १२३१ मध्ये सरकारी दस्तऐवज कागदावर लिहिण्यास मनाई केली, कारण त्याचा भरवसा चामड्याच्या चर्मपत्रावर होता. तरीही अमाल्फीतला धंदा टिकला.

कागद संग्रहालय जुन्या गिरणीतच आहे आणि येथे किमान एक तास द्यावा. मार्गदर्शक पाण्याची झडप उघडतो, लाकडी चाक फिरू लागते, आणि खिळे ठोकलेले वजनदार लाकडी हातोडे दगडी हौदांत आळीपाळीने आदळू लागतात. आवाज इतका मोठा असतो की बोलणे थांबवावे लागते. सुती, तागाच्या आणि अंबाडीच्या चिंध्या अशाच कुटून लगदा केला जाई. मग मार्गदर्शक तारेच्या जाळीची चौकट हौदात बुडवून आडवी उचलतो, पाणी निथळू देतो आणि ओला ताव लोकरीच्या कापडावर उलटवतो. जाळीवर तारेने शिवलेली नक्षी कागदात फिकट उमटते, तो जलचिन्हाचा शिक्का. प्रवाशांनाही एक ताव काढायला देतात. १९५४ च्या पुराने दरीतील बहुतेक गिरण्या संपवल्या. आता एखाददुसऱ्या ठिकाणीच हा जाड, कडा फाटल्यासारखा कागद बनतो आणि लग्नपत्रिकांसाठी विकला जातो. संग्रहालयाच्या वर दरीत आणखी पुढे गेल्यास पडक्या गिरण्या वेलींत बुडालेल्या दिसतात.

तिसरा दिवस: पायऱ्यांचा

पूर्ण सहलीतला सर्वोत्तम दिवस हाच, म्हणून त्याला घाई करू नये. क्रम उतरणीचा ठेवावा: अमाल्फीहून बसने रावेल्लोला चढावे आणि पायऱ्यांनी मिनोरीत उतरून मायोरीला जावे. ज्यांचे गुडघे उतारावर दुखतात त्यांनी मात्र उलट, चढाचा विचार करावा किंवा बसनेच खाली यावे.

बस पकडण्याआधी अमाल्फीहून बोगद्याने दहा मिनिटांवरच्या अत्रानीत एक चक्कर मारावी. क्षेत्रफळाने ही इटलीतील सर्वांत लहान नगरपालिका आहे, अवघी ०.१२ चौरस किलोमीटर. अमाल्फीच्या दहाव्या हिश्शाचीही गर्दी येथे नसते. चौकातल्या सान साल्व्हातोरे चर्चमध्ये अमाल्फीच्या ड्यूकना, म्हणजे शासकांना, अधिकारपदाची टोपी घालत असत.

रावेल्लो समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटरवर आहे. व्यापारातून गब्बर झालेल्या कुळांनी हवा आणि सुरक्षितता पाहून येथे वाडे बांधले. येथील चर्चचे ११७९ चे कांस्यद्वार त्रानीच्या बारिसानोने घडवलेले आहे. आतला १२७२ चा संगमरवरी प्रवचनमंच सिंहांच्या पाठीवरील पीळदार खांबांवर उभा आहे. चौकापलीकडच्या व्हिला रुफोलोत शिरावे. हा वाडा १८५१ मध्ये फ्रान्सिस नेव्हिल रीड या स्कॉटिश गृहस्थाने पडक्या अवस्थेत विकत घेऊन सावरला. मे १८८० मध्ये संगीतकार वाग्नर येथे आला आणि आपल्या रखडलेल्या ऑपेरातील जादूची बाग आपल्याला सापडली, असे त्याने लिहून ठेवले. त्याच बागेच्या कडेला, दरीवर बांधलेल्या मंचावर १९५३ पासून उन्हाळी संगीत मैफली होतात. वेळ असेल तर दहा-पंधरा मिनिटे चालून व्हिला चिंब्रोनेच्या गच्चीवर जावे. दोन्हींपैकी एकच करायचे असेल तर इतिहासासाठी रुफोलो आणि दृश्यासाठी चिंब्रोने.

रावेल्लोहून मिनोरीची वाट तोरेल्लो या वाडीतून जाते आणि पाऊण ते एक तासात खाली पोहोचवते. पायऱ्या जुन्या, असमान आणि पावसात घसरड्या असतात. सपाट तळव्याच्या चपला चालणार नाहीत. दोन्ही बाजूंना लिंबाच्या बागा आहेत आणि त्यांच्याकडे नीट पाहावे. मातीचा बारीकसा तुकडा धरून ठेवण्यासाठी चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती आहेत. कोकणातला गडगा पाहिलेल्या माणसाला त्या ओळखीच्या वाटतील, फक्त येथे एकावर एक अशा त्यांच्या डझनावारी रांगा चढत जातात. भिंतींवर चेस्टनटच्या दांड्यांचा मांडव असतो, फांद्या त्यावर बांधलेल्या असतात आणि हिवाळ्यात वरून काळी जाळी ओढतात. मांडवाखाली चालण्याइतकीच जागा असते, आणि फळे डोक्याच्या उंचीवर लटकतात. लांबट, टोकदार, जाड सालीच्या या ‘स्फुझातो’ जातीला २००१ मध्ये युरोपीय भौगोलिक संरक्षण मिळाले. याचा पांढरा गर कडू नसतो, म्हणून सालीसकट पातळ चकत्या करून मीठ लावून खातात. बागेतून एखादे घेऊन तसे खाऊन पाहावे. मिठाची पुडी आपल्याजवळ ठेवावी.

मिनोरीत पोहोचल्यावर पहिल्या शतकातील रोमन व्हिला पाहावा. श्रीमंत रोमनांचे हे समुद्राकाठचे विश्रामस्थान १९३२ मध्ये योगायोगाने सापडले. कारंज्याच्या मंडपातील जमिनीवरचे मोझेक आणि भिंतींवरचे रंग अजून दिसतात.

येथून ‘लिंबांची वाट’ मायोरीला जाते. जेमतेम अडीच किलोमीटर अंतर आहे, मध्ये तोर्रे नावाची वाडी लागते, आणि सारी वाट बागांच्या मधून आहे. रस्ता नव्हता तेव्हा गावातल्या बायका ५० किलोंहून जड लिंबांच्या टोपल्या पाठीवर घेऊन दिवसातून अनेकदा या पायऱ्यांनी धक्क्यापर्यंत उतरत, आणि तेथून माल जहाजाने परदेशी जाई. त्यांना ‘फोर्मिकेल्ले’, म्हणजे मुंग्या म्हणत. आपण रिकाम्या हातांनी तीच वाट उतरताना दम लागतो. आज या बागा सांभाळायला माणसे मिळत नाहीत. सोडून दिलेल्या मजगीचा गडगा ढासळला की पुढच्या पावसात वरचा उतार खाली येतो, त्यामुळे गावांची सुरक्षितता आजही या भिंतींवर अवलंबून आहे.

चौथा दिवस: देवांची वाट आणि पोझितानो

अमाल्फीहून सकाळच्या शक्य तितक्या लवकरच्या बसने आजेरोलातील बोमेरानोला जावे. ‘देवांची वाट’ येथून सुरू होते आणि पोझितानोच्या वरच्या नोचेल्ले वाडीत संपते. सहा-सात किलोमीटरच्या या वाटेला थांबत थांबत तीन तास धरावेत. बोमेरानो सुमारे ६५० मीटरवर आणि नोचेल्ले त्याहून बरेच खाली असल्याने ही दिशा सोपी पडते; शिवाय तोंड पश्चिमेला राहून कॅप्री बेट सतत समोर दिसते. सावली जवळजवळ नाही, मधे खाण्या-पिण्याची भरवशाची सोय नाही, आणि काही जागी कडा अगदी जवळ आहे. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट आवश्यक आहेत. खाली समुद्रात ली गाल्ली ही तीन छोटी बेटे दिसतात. ग्रीक पुराणातील खलाशांना भुलवणाऱ्या सायरन येथे राहत, असे मानले जाई. नंतरच्या काळात या बेटांचा एक मालक नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह होता.

नोचेल्लेहून खाली रस्त्यापर्यंत दीड हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. तोवर पाय थरथरत असतील तर गावातली छोटी स्थानिक बस घ्यावी.

पोझितानोसाठी अर्धा दिवस पुरतो. रंगीत छपराच्या घुमटाचे सांता मारिया आस्सुंता चर्च, कपड्यांची दुकाने आणि गर्दी एवढे पाहून झाले की चर्चच्या खालचे भूमिगत संग्रहालय पाहावे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन वाड्याची रंगवलेली खोली येथे २०१८ पासून खुली आहे. प्रवेश लहान गटांत देतात, म्हणून वेळ आधी राखून ठेवावी. परतीला बोटच घ्यावी, कारण संध्याकाळच्या बस येथे पोहोचेपर्यंत भरलेल्या असतात.

शाकाहारी माणसाचे जेवण

उपाशी राहण्याची वेळ येत नाही, पण काही गोष्टी विचारून घ्याव्यात. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेश्शे’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढे पाठ करावे. या भागातला जाड ताजा पास्ता ‘शालातिएल्ली’ बहुधा समुद्री जिन्नसांबरोबर येतो. तो टोमॅटो किंवा वांग्याबरोबर मागता येतो. मिनोरीचे ‘न्दुंदेरी’ म्हणजे रिकोटा चीजचे उकडलेले गोळे. वांग्याची पार्मिजाना आणि आजेरोलाचे ताजे चीज ही आणखी दोन भरवशाची नावे. ‘कोलातुरा’ हा शब्द यादीत दिसला तर सावध व्हावे: तो चेताराचा अँकोव्ही माशांचा अर्क आहे. ‘स्फोल्यातेल्ला’ हा पापुद्र्यांचा गोड पदार्थ याच किनाऱ्यावरील कोंका गावच्या सांता रोझा मठात जन्मला असे सांगतात. पारंपरिक कृतीत त्यात डुकराची चरबी असते, तेव्हा ‘स्त्रुत्तो’ आहे का, असे विचारावे. जुन्या चीजमध्ये प्राणिज विरजण असते हे कडक शाकाहारींनी जाणून असावे. जैन मंडळींनी सालेर्नोत स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणजे बैठकीचा माणशी आकार असतो. ती फसवणूक नव्हे. गावोगावच्या नळांचे पाणी पिण्याचे असते, बाटल्या विकत घेण्याची गरज नाही.

पाचवा दिवस: चेतारा, व्हिएत्री आणि राखीव वेळ

चेतारा अजून मच्छीमारांचे गाव आहे. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पकडलेले अँकोव्ही मीठ लावून चेस्टनटच्या लाकडी पिंपांत थर देऊन दाबतात, आणि काही महिन्यांनी तळाशी भोक पाडून तांबूस अर्क थेंबथेंब गाळतात. नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणात तो असतोच. रोमनांच्या ‘गारुम’चा हा वारस मानला जातो आणि २०२० मध्ये त्याला संरक्षित नामांकन मिळाले. मासे खाणाऱ्यांनी जेवण येथेच घ्यावे. व्हिएत्री मातीच्या रंगीत भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९५० च्या दशकात वास्तुविशारद पाओलो सोलेरी यांनी बांधलेला सोलिमेने कारखाना बाहेरून पाहिला तरी पुरे, भिंतीवर भांड्यांचे हजारो गोल तळ बसवलेले आहेत. वजनाची खरेदी येथे करावी, कारण सालेर्नो बसने अगदी जवळ आहे.

हा दिवस मुद्दाम सैल ठेवला आहे. समुद्र खवळून आधीच्या एखाद्या दिवसाची बोट रद्द झाली, तर तो कार्यक्रम येथे ढकलावा. सगळे सुरळीत झाले आणि हा दिवस मोकळा राहिला, तर सालेर्नोहून दक्षिणेला रेल्वेने सुमारे अर्ध्या तासावर असलेल्या पेस्टमला जावे. इ. स. पू. सहाव्या-पाचव्या शतकांतली तीन ग्रीक मंदिरे तेथे उघड्या माळावर उभी आहेत. परतीचे विमान रोमहून असेल तर शेवटची रात्र किनाऱ्यावरच्या गावात न काढता सालेर्नोत काढावी आणि जलद गाडीचे तिकीट आधीच घेऊन ठेवावे, कारण सकाळच्या बसला लागणारा वेळ रस्त्यावरची गर्दी ठरवते आणि रेल्वे तुमच्यासाठी थांबत नाही.